बाकावरच्या वकीलबाई

वकीलबाईंना काळ्या कोटात फारसं कुणी पाहिलेलं नाही. त्यांची सगळी वकिली म्हाताऱ्या माणसांची. मृत्युपत्र करायचं, घर कुणाच्या नावावर जायचं ते ठरवायचं, उद्या डोकं चालेनासं झालं तर निर्णय कुणी घ्यायचे ते लिहून ठेवायचं. "कोर्टात गरजायचं सोडून ही म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसते," असं सासरे चारचौघांत म्हणायचे. पुढे स्वतःचं मृत्युपत्र करायला मात्र गुपचूप सुनेकडेच आले. तेव्हाही ताकाला जाऊन भांडं लपवणं सुटलं नाही, "सहज आलो होतो" म्हणे!

बाईंचा नियम एकच. अशील आत, बाकी गोतावळा बाहेर. कारण पोरांना एक खोड असते. म्हाताऱ्याला विचारावं, "झोप लागते का?" की लेक मध्येच, "छे हो, रात्रभर जागेच असतात." मग बाईंचा पारा चढायचा. "तुम्हाला विचारलं का? त्यांना तोंड आहे ना?" भल्याभल्या साहेबांना त्यांनी असं बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं होतं.

एका सकाळी समोरच्या खुर्चीत त्यांचे स्वतःचे वडील येऊन बसले.

आई गेल्यापासून बाई हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या होत्या. माझ्याकडे राहायला चला, एकटे राहू नका. खोली रिकामी करून ठेवली होती. बाबा हूं की चूं करत नव्हते. आज म्हणाले, "मला कागद करायचाय. शुद्धीत आहे तोवर मला माझ्या घरातून कुणी हलवायचं नाही."

"कुणी म्हणजे मीच ना?"

"मग दुसरं कोण आहे मला?"

मुलीनंच बापाचा असा कागद करणं बरं नव्हे, म्हणून बाई त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. तिथला तरुण वकील त्यांच्याच हाताखाली शिकलेला. खरं सांगायचं तर बाईंच्या मनात काळंबेरं होतं. कागद करण्याआधी वकील माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना ते तपासतो, आणि बाबा हल्ली विसरतात. ते या पोराच्या लक्षात आलं की कागद होणार नाही, सुंठीवाचून खोकला जाईल.

"आजोबा, आज वार कोणता?" तरुण वकिलानं विचारलं.

बाबा छताकडे बघत राहिले.

"गुरुवार!" बाई बोलून गेल्या. "आणि परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. विचारा, विचारा त्यांना!"

पोरगं उठून उभं राहिलं. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाई कानापर्यंत लाल होऊन बाहेर आल्या. बाकावर शेजारच्या खोलीत कागद करत असलेल्या कुणा आजींचा मुलगा बसलेला होता. "तुम्हालाही काढलं?" म्हणत तो सरकला.

दार बंद झालं आणि बाईंना एकदम धडकी भरली. मघाशी हव्या असलेल्या गोष्टीचीच आता भीती वाटायला लागली. बाबांना खरंच काही सांगता आलं नाही तर? आपले बाबा, ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले, ते वारात अडकले तर? देवा, त्यांना सगळं येऊ दे.

बऱ्याच वेळानं बाबा बाहेर आले. "वार काही आठवला नाही," म्हणाले. "बाकी सगळं नीट सांगितलं. कागद होईल म्हणतो."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपण हरलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

जिना उतरताना बाबांनी त्यांचा दंड धरला. "पुढे माझं डोकं गेलं तर माझं कुणी ठरवायचं, असंही विचारलं त्यानं. तुझं नाव दिलंय."

"माझं? बाबा, मी तर तुम्हाला न्यायलाच टपलेय!"

"मग तेव्हा ने की," बाबा म्हणाले. "तेव्हा घर कुठलं ते मला कळायचं नाही. तू जवळ असलेली बरी."