आमच्या दारातला नवा पाहुणा

आरशात बघून मिशी कातरत होतो, तेव्हा लक्षात आलं की तोंडाची डावी बाजू खाली आली आहे. हा लकवा नव्हे, नुसती चेहऱ्याची नस आहे, असं म्हणून डॉक्टरांनी धीर दिला, गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत बोलणं सुधारलं, डावा कोपरा मात्र खाली तो खालीच. कुकर आणि शेगड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचं तोंड एरवी कोण बघतं? पण पाटोद्याच्या आमच्या केबलवर दर रविवारी लागणाऱ्या मालिकेत मी अकरा वर्षं परग्रहावरचा पाहुणा होतो.

मालिका लिहिणारा, कॅमेरा धरणारा आणि घरोघरी दाखवणारा माणूस एकच, आमचा केबलवाला. पाहुण्याचा डगला गाडी झाकायच्या चंदेरी कापडाचा. यान कधी दिसायचंच नाही, नुसता त्याचा आवाज यायचा. दार मात्र खरं असायचं. प्रत्येक भागात मी कुठल्या तरी गावात, आधी न कळवता, कुणाच्याही घराची कडी वाजवायचो आणि म्हणायचो, "लई लांबून आलोय. घोटभर पाणी मिळंल का?" घरातलं माणूस गूळ-पाणी आणायचं, आणि तिथून गोष्ट सुरू व्हायची. मध्ये कॅमेरा थांबवायचा नाही, पुन्हा घ्यायचं नाही, हा नियम. अकरा वर्षांत एकाही दाराने मला कोरडं परत पाठवलं नाही. एका म्हातारीने तर पाणी देऊन वर विचारलं होतं, "तुमच्याकडं पाऊसपाणी कसं हाय?"

केबलवाला दुकानात आला, चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "भाऊ, पाव्हणा बदलावा लागंल."

"कावून?"

माझ्या गालाकडे बघायचं त्याने टाळलं. "आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घालतो, हे लोकं कीर्तनात ऐकतेत. त्येंला येगळं समजून सांगायची गरज न्हाई."

मला तोंडावर जुनं वस्त्र म्हणणारा हा पहिलाच. नवं वस्त्र म्हणजे चौसाळ्याकडच्या एका मेंढपाळ घरातली मुलगी, ग्रॅज्युएट झालेली, चार वर्षं आमच्या यानाचा आवाज काढणारी. मला संताप आला. खोटं कशाला बोलू, माझ्या जागी बाई येणार म्हणून तो कमी आणि ती माझ्यापेक्षा चांगली निघेल म्हणून जास्त होता.

वडवणीला बाजाराच्या दिवशी तिने दोन दारं वाजवली. पहिल्या घराने विचारलं, "आमचा पाव्हणा कुठाय?" दुसऱ्याने दारच लावून घेतलं. केबलवाला पुन्हा माझ्याकडे आला.

"तुमच्या दारात तिला पाणी मिळालं, की समद्या दारांत मिळंल. न्हाई मिळालं, तर मी मालिका बंद करतो. रविवारी दुपारी येतो."

मी हो म्हणालो. मनात वेगळंच शिजत होतं. दार उघडायचं, पाणी न्हाई म्हणायचं, दार लावायचं. मालिका संपली तर संपू दे. पाहुणा माझ्याच चेहऱ्याने संपेल.

रविवारी सकाळी बायकोला हे सांगितलं, तेव्हा भाकरी थापणारा तिचा हात थांबला. "आपल्या दारात पाणी न्हाई म्हणणार?"

"मालिकेत म्हणणार. खऱ्यात न्हाई."

"दार तर खरंच हाय की."

मी तिला गप्प बस म्हणालो. ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

दोन वाजता समोरच्या ओट्यावर निम्मी गल्ली जमली. मी बंद दारामागे उभा राहून ते दोन शब्द मनात घोळवत होतो. कडी वाजली. मी दार उघडलं.

डगला तिने खांद्यात आवरून घेतला होता. मागे कॅमेऱ्याचा लाल दिवा, त्यामागे माणसं. ऊन, दार, डगला, दिवा, एवढं समोर आलं की गेली अकरा वर्षं माझी जीभ एकच वाक्य बोलत आली होती. तिने ओठ उघडायच्या आत माझेच उघडले.

"लई लांबून आलोय. घोटभर पाणी मिळंल का?"

ओट्यावर कुणीतरी हसलं. तिचं वाक्य मी खाऊन टाकलं होतं, तिच्याकडे बोलायला काहीच उरलं नव्हतं. मी हे ठरवून केलं असंच तिला वाटलं असणार, आणि तसं नाही हे सांगायची सोय नव्हती. केबलवाला कॅमेरा थांबवत नव्हता. दारात दोन पाहुणे उभे, आणि पाणी देणारं कुणीच नाही.

तिने चपला काढल्या. उंबरा ओलांडून, माझ्या बाजूने ती सरळ आत गेली. आतून भांड्यांचा आणि बायकोच्या बांगड्यांचा आवाज आला. मी माझ्याच दारात परक्यासारखा उभा होतो. ती तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन बाहेर आली.

"आदी तुमी घ्या," ती म्हणाली. "तुमी माझ्या आदी निघालता."

मी आमच्या ओट्यावर बसलो. गूळ खाल्ला, पाणी प्यालो. डाव्या कोपऱ्यातून धार सदऱ्यावर उतरली. आजारपणापासून चारचौघांत पाणी पिणं मी टाळत आलो होतो. त्या दिवशी पुसलंही नाही. तिच्या जागी मी असतो, तर आपलं वाक्य परत मिळायची वाट बघत तसाच उभा राहिलो असतो, हे मला बसल्या बसल्या कळलं. राग गेला असं म्हणणार नाही. पण उरलेलं पाणी मी तिच्यापुढे धरलं आणि ती ते उभ्याउभ्याच प्याली.

समोरून शेजारीण म्हणाली, "पाव्हणं, आता आमच्याकडं बी या की."

मी सवयीने उठलो, पाऊलही टाकलं. बायकोने मागून माझा सदरा धरला.

"तुमाला न्हाई," ती हळूच म्हणाली. "तिला बोलिवलंय."