मामाजींची नागपुरातली नातवंडं

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, थंड वस्तूंमधलं सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज होता. हिंगणघाटच्या बाजारात त्यांचं आइस्क्रीम-कुल्फीचं दुकान होतं आणि अर्धं आयुष्य त्यांनी एका डीप फ्रीजरच्या सोबतीनं काढलं होतं. घरात कुणाला ताप आला, की ते पाठीला हात लावून ‘कॉम्प्रेसर गरम झाला’ म्हणत. उन्हाळ्यात लाइट गेली, की फ्रीजरवर गोधड्या पांघरून ते शेजारी राखणीला बसत. कुणी झाकणाला हात लावला तर म्हणत, “आतला गारवा आपला हाय. तो बाजाराले काऊन वाटून राह्यले?”

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मी शाळेत शिकवत होते, अविनाश दुकानात वडिलांना मदत करत होता. शेवटी आम्ही नागपूरला एका डॉक्टरबाईंकडे उपचार सुरू केले. इंजेक्शनं झाली, बीजं काढली, त्यांचे तीन गर्भ प्रयोगशाळेत तयार झाले. पण त्या औषधांनी माझं पोट असं फुगलं की बाई म्हणाल्या, आत्ता गर्भ आत सोडणं धोक्याचं आहे. ते गोठवून ठेवू, तुमचं शरीर निवलं की मग बघू. अविनाशनं रात्री जेवताना हे सगळं वडिलांना सांगितलं. मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, “नागपुरात लोडशेडिंग किती तास हाय?”

पुढच्या खेपेला ते आमच्याबरोबर आले. काखेत गोधडी होती. डॉक्टरबाईंसमोर बसल्याबरोबर त्यांनी धंद्याचा प्रश्न काढला. “बाई, वितळलेली कुल्फी पुन्हा जमवली, तं तिच्यात बर्फाचे खडे होते. मंग ह्याईचं कसं?”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाईंनी मात्र प्रश्न मनावर घेतला. “खडे होऊ नयेत म्हणूनच गोठवण्याआधी पेशींमधलं पाणी जमेल तेवढं काढून घेतो आणि त्याच्या जागी एक द्रव घालतो. तरी वितळवताना एखादा गर्भ टिकत नाही. ते आत्ताच सांगून ठेवते.”

“आन लाइट गेली तं?”

“लाइट लागतच नाही. टाकीत द्रवरूप नायट्रोजन असतो. तो हळूहळू उडतो, म्हणून आमचा माणूस वरचेवर भरतो.”

“तो माणूस सुट्टीवर गेला तं?”

बाई हसल्या आणि उठून त्यांनी आम्हाला एका खोलीच्या दारापर्यंत नेलं. आत दुधाच्या कॅनसारखी एक टाकी होती. मामाजींनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. टाकीकडे बघत, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, “भेऊ नका. मी आहो.” गोधडी काही बाईंनी ठेवून घेतली नाही. परतीच्या बसमध्ये ती त्यांनी मांडीवर धरली होती.

एवढ्यानंही त्यांची खात्री पटली नाही. ती पटली जनावरांच्या दवाखान्यात. तिथे वळूचं बीज अशाच टाकीत ठेवतात, हे त्यांना गिऱ्हाइकाकडून कळलं. तिथल्या कंपाउंडरनं एका मरून गेलेल्या वळूची यंदा झालेली कालवड त्यांना दाखवली. मामाजी आनंदानं बाजारभर सांगत सुटले, “जनावराच्या दवाखान्यात हाय न, अगदी तसंच.” शाळेत बाकीच्या बाया माझ्याकडे टक लावून बघू लागल्या. बाजारात तर मामाजींची नातवंडं त्यांच्याच फ्रीजरमध्ये आहेत, अशी बातमी झाली. एक बाई कुल्फी घ्यायला आली आणि म्हणाली, “वरच्यातली देजा, खालची नोको.”

मी घरी चिडले. “मामाजी, लोकांना सांगत जाऊ नका ना.”

त्यांना खरंच नवल वाटलं. “काऊन? नातवंडं नागपूरले शिकाले राह्यली असती, तं सांगतलंच असतं न.”

काही महिन्यांनी बाईंनी गर्भाशयाचं अस्तर तयार व्हावं म्हणून गोळ्या दिल्या, दोन गर्भ वितळवले आणि बारीक नळीनं आत सोडले. दोन्ही छान टिकले होते. पण रक्ताच्या तपासणीत काहीच आलं नाही. मी घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी मामाजींनी दुकान उघडलं नाही. शेजारचे कापडवाले चौकशीला आले, तर मामाजी म्हणाले, “घरचे दोघं गेले.”

दुपारपर्यंत आमची बैठक भरली. माणसं टोप्या काढून सतरंजीवर बसली, बाया डोक्यावर पदर घेऊन माझ्या खोलीत आल्या. प्रेत नव्हतं, फोटो नव्हता, कोण गेलं ते कुणाला कळत नव्हतं आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बाहेरून मामाजींचा आवाज येत होता. “लहान होते. लईच लहान होते.” आणि माणसं “अरेरे” म्हणत होती.

एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, “कोण होतं, बाई?” मला सांगता येईना. तोपर्यंत दवाखान्यातले सगळे मला म्हणत आले होते, फेल झालं, पुढच्या वेळी होईल. जणू मी परीक्षेला बसले होते. मी म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडले. तिनंही रडून घेतलं. संध्याकाळी सगळे चहा घेऊन गेले. मामाजींनी आंघोळ केली आणि मला म्हणाले, “आता जेव. एक राह्यलं हाय तिथं.”

त्याच वर्षी दिवाळीनंतर मामाजी गेले. दुपारी दुकानात बसल्याबसल्याच. त्या वेळी आमच्या सतरंजीवर तीच माणसं पुन्हा बसली, पण कुणाला काही विचारावं लागलं नाही.

नंतर मला आणि अविनाशला नागपूरला जायचा धीरच होईना. ते एक तिथेच राहिलं. दोनेक वर्षांनी अविनाश म्हणाला, जाऊन तरी येऊ. पुन्हा गोळ्या, पुन्हा सोनोग्राफी. गर्भ वितळवल्यावर बाई सांगायला आल्या, “काही पेशी गेल्यात, पण बाकीच्या चांगल्या आहेत. करायचं?” मी हो म्हटलं. लघवी रोखून टेबलावर पडून मी पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकताना पाहिला. या वेळी तपासणी चांगली आली. मुलगी झाली.

बारशाला वर्ध्याहून माझ्या चुलत सासूबाई आल्या होत्या; त्यांना मी मामी म्हणते. पाळण्याशी बसून त्या म्हणाल्या, “आजोबाचं तोंड नाई पाह्यलं पोरीनं. थेही नातवंडाचं सुख न पाहता गेले.”

बायांनी माना डोलावल्या. मी मुलीला उचलून मांडीवर घेतलं.

“नाही, मामी,” मी म्हणाले, “मामाजी हिचे आजोबा होऊनच गेले. मी आई मागाहून झाले.”

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी घुगऱ्यांची वाटी पुढे सरकवली, आणि आत्या नसल्यामुळे मुलीच्या कानात नाव मीच सांगितलं.