दुप्पट केलेला आकडा

धरणाच्या ऑफिसात त्याला सगळे 'टोटल' म्हणत. सव्वीस वर्षं तो पाण्याची पातळी नोंदवत होता. धरणाखालच्या वाळूच्या बेटावर उन्हाळ्यात सुरय पक्षी अंडी घालत, ती घरटी मोजणंही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. घरटं म्हणजे तरी काय, वाळूत टाचेएवढा खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपक्यांची अंडी. तो होडीतून परतला की कारकून विचारी, "काय टोटल, आज कुणाकुणाच्या संसारात डोकावून आलात?"

"तुमचा सोडून सगळ्यांच्या," हा म्हणे.

या मोजणीला एक नियम जोडलेला होता. तीन वर्षांच्या घरट्यांची सरासरी साठच्या खाली गेली, की धरणातून पाणी सोडणं सहा आठवडे थांबवायचं, म्हणजे पिल्लं उडेपर्यंत बेट कोरडं राहील. टोटलला हा नियम फार आवडे. कुणाच्या हातापाया पडायला नको, आकडा उतरला की काम झालंच पाहिजे.

गेल्या वर्षी एकोणपन्नास घरटी होती. यंदा एक्केचाळीसच निघाली. आता तरी दरवाजे बंद राहतील, असं धरून तो नव्या अधिकारी मॅडमच्या टेबलापाशी उभा राहिला. मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची, त्याला काका म्हणणारी. तिने कॉम्प्युटरवर तीन आकडे टाकले.

"बासष्ट," ती म्हणाली. "थोडक्यात राहिलं, काका. गेल्याच्या गेल्या वर्षी शहाण्णव आहेत ना, ते सरासरी वर धरून ठेवतायत. पुढच्या वर्षी ते गळतील, मग लागेल नियम."

"सोमवारी पाणी सुटणार. पुढच्या वर्षी मोजायला काय उरेल?"

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

टोटल आपल्या जागेवर परत गेला. ते शहाण्णव कसे आले, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्या वर्षी मोजणीच्याच दिवशी दुपारी बाराला बायकोचं ऑपरेशन होतं. सकाळी घाईघाईने त्याने बेटाचं वरचं टोक मोजलं, अठ्ठेचाळीस भरली. खालचं टोक राहिलं. नावाडी म्हणाला, "निघा तुम्ही, उरलेली काय पळून जातायत?" मग होडीत बसल्या बसल्या त्याने आकडा दुप्पट करून टाकला. खालचं टोक सखल होतं. तिथे पंधराच्या वर घरटी कधीच झाली नव्हती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण जास्त लिहिण्यात कुणाचं काही बिघडेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

घरी ताट तसंच राहिलेलं पाहून बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं.

"म्हणजे माझ्यापायी झालं हे," ती म्हणाली.

"तुझ्यापायी कसं? गुणाकार मी केला."

ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "सांगून टाका. पण अहो, दोन वर्षं राहिलीत नोकरीची. नाव जाईल."

"नाव काय, टोटलच ना? गेलं तर सुटलो."

तिला हसू आलं नाही, आणि त्यालाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एका कागदावर सगळं लिहून दिलं. मॅडमने ते दोनदा वाचलं आणि लगेच आकडे बदलून पाहिले. "खालच्या टोकाची पंधरा धरली तरी सरासरी एक्कावन्न येते, काका." तिचा आवाज एकदम हलका झाला. स्वतःची चिठ्ठी जोडून, वर 'तातडीचे' लिहून, तिने तो कागद तासाभरात वर पाठवला.

उत्तर शनिवारीच आलं. एरवी आपल्या पत्रांना पाय फुटायला महिना लागतो, असं कारकून म्हणाला. मॅडमने वाचून दाखवलं: निरीक्षकाने स्वतःच चुकीची नोंद केल्याचे मान्य केल्याने त्याच्या कोणत्याही नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. नवीन निरीक्षक नेमून मोजणी नव्याने सुरू करावी. तीन वर्षांची सरासरी हाती आल्यावर विचार करता येईल.

"कोणत्याही म्हणजे?" टोटलने विचारलं.

"यंदाचे एक्केचाळीससुद्धा. मी फोनवर भांडले, काका. निदान दुसऱ्या कुणाकडून परत मोजून घ्या म्हटलं. तर म्हणाले, सोमवारच्या आत माणूस कुठून आणायचा."

"जाऊ द्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं."

सोमवारी सकाळी दहाला दरवाजे उघडले. पातळी नोंदवण्याचं काम अजून त्याच्याकडेच होतं, म्हणून तो खालच्या पायऱ्यांवर रंगवलेल्या मोजपट्टीशी वही घेऊन उभा होता. समोर आधी बेटाचं सखल टोक गेलं. मग पाणी सावकाश वर सरकू लागलं. पक्षी कलकलाट करत उठायचे, घिरट्या घालून परत आपापल्या खळग्यावर येऊन बसायचे. काही तर छातीला पाणी लागेपर्यंत हलले नाहीत.

साडेबाराला मॅडमचा फोन आला. "काका, पातळी?"

"दोन मीटर सत्तर." तो थांबला. "वरचं टोकही गेलं, मॅडम. हे कुठल्या रकान्यात लिहू?"



"फक्त पातळी लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिली.