बारावी ओळ

मी विज्ञानाची पदवीधर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. त्यामुळे कुणी भुताखेताचं बोललं की मी आधी विचारायची, "पुरावा काय?" आज तोच प्रश्न तुम्ही मला विचाराल, आणि माझ्याकडे उत्तर नाही. तरी सांगते.

लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. शहर मात्र चारही अंगांनी वाढत होतं... जिथं आमची मेंढरं चरायची तिथं प्लॉटिंगचे खांब आलेले. शहरातल्याच उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात एक छोटी संस्था वैजापूरकडच्या अकरा गावांना टँकरनं पाणी पोचवायची. मी तिथं कामाला होते. टँकरच्या पाळ्या भिंतीजवळच्या जाड रजिस्टरात लिहिल्या जायच्या, आणि रोज कुठल्या तरी गावाचा फोन यायचा, "आमचं पाणी कुठं हाय?"

मी म्हटलं, हे काम कॉम्प्युटरवर आणते. टँकरच्या फेऱ्या लावणारं एक फुकट मिळणारं ॲप होतं, आपल्याच मशीनवर बसवता येणारं. गावकऱ्यांचे फोन नंबर परक्या सर्व्हरवर नकोत, ही संस्था चालवणाऱ्या सुमनताईंची अट. म्हणून कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप पुसला, त्यावर लिनक्स टाकलं. ॲप पेन ड्राइव्हवरून चढवलं, डेटाबेस जोडला, मराठी फॉन्ट बसवले. तीन दिवस एररशी झगडल्यावर ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले! आईला फोन केला. ती म्हणाली, "लई झ्याक. पण पाणी देतंय का ते?"

सुमनताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक आठवडा देते. एक जरी फेरी चुकली तरी परत रजिस्टर."

मी अकरा गावं भरली. पानावर बारा ओळी दिसल्या.

बाराव्या ओळीत गावाचं नाव नव्हतं. फक्त नकाशावरची जागा — वैजापूर रस्त्याला, पाचव्या आणि सहाव्या गावाच्या मधे, ओसाड माळावर. मला वाटलं, ॲपसोबत आलेला नमुन्याचा डेटा असेल. ओळ पुसली. रिफ्रेश केलं... हजर! डेटाबेस उघडून मोजलं तर नोंदी अकराच. शेवटी सगळं उडवून नव्यानं इन्स्टॉल केलं. पुन्हा बारा. मशीनला तेव्हा इंटरनेट जोडलेलंही नव्हतं, आणि पासवर्ड फक्त मला माहीत.

पहिल्या फेरीच्या सकाळी ती ओळ पुन्हा पुसली, पानावर अकरा ओळी दिसल्या तशी घाईनं प्रिंट काढली आणि टँकरचालक रशीदचाचांच्या हातात दिली. कागद मी वाचलाच नाही.

दुपारी एकच्या सुमारास सहाव्या गावाचा फोन. टँकर आलेला नाही. चाचांचा फोन लागेना. सुमनताईंनी उठून रजिस्टर टेबलावर आणून ठेवलं.

मग चाचांचाच फोन आला. "बेटी, ये बारा नंबर का नाम कायकू नई लिखे तुम?"

"चाचा, बारा नंबर नाहीच आहे!"

"कागद पे है. कागद पे है तो जानाच पडता ना. आया तो एक धनगर का कुनबा बैठेला है. बोअर सूखा, बकरियां जीभ निकाले पडे. बुढिया बेहोश थी... पानी मारा मुंह पे, अब बैठी है. गाली दे रही मेरेकू, देर कायकू किया बोलके!"

सुमनताई फोनला कान लावून ऐकत होत्या. सहाव्या गावाला पाणी तासभर उशिरा पोचलं, पण कारण कळल्यावर तिथल्या सरपंचबाई म्हणाल्या, "मग बरोबरच केलं की." सुमनताईंनी रजिस्टर उचललं आणि कपाटात, वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर ते खाली आलं नाही.

संध्याकाळी आईला जागा समजावून सांगितली. तिनं ती पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाली, "पोरी, तिथं तर आपला मेंढरांचा वाडा पडायचा. मेंढरं बसवायची तुझ्या अण्णांची जागा ती."

अण्णा, माझे वडील, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांना अक्षर येत नव्हतं. वाटेवरची पाण्याची ठिकाणं ते बोटांच्या पेरांवर मोजायचे, अंगठा टेकवत. चार बोटांची बारा पेरं, पण ते अकरावर थांबत. लहानपणी मी विचारलेलं, "अण्णा, हे राहिलं की!" तर म्हणाले होते, "ते मोकळं ठेवायचं असतं. वाटंत कोण तहानलेलं गाठ पडंल, त्याचं हाय ते." मी हे विसरूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी पानावर अकराच ओळी होत्या. सगळे लॉग वाचले. बारावी कुणी घातली, कुणी काढली, कसलीच नोंद नाही. कॉलेजातला सीनियर म्हणाला, कॅशेचा, म्हणजे मशीनमध्ये साठून राहिलेल्या जुन्या पानाचा घोळ असेल. असेलही... पण कॅशेला आमच्या वाड्याची जागा कुणी सांगितली? आणि अण्णांनी तर आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

आज ते ॲप चाळीस गावं सांभाळतं, मशीनही नवी आहे. दरवेळी इन्स्टॉल करताना मी आशेनं बघते. ती ओळ पुन्हा कधीच आपणहून आली नाही. म्हणून गावं भरून झाली की शेवटी एक बिननावाची ओळ मी माझ्या हातानं घालते. चाचा रोज टाकीत त्या ओळीपुरतं पाणी राखून ठेवतात.

आई फोनवर अजून एवढंच विचारते, "मोकळं ठेवलंस ना?"

"ठेवलंय," मी म्हणते.