रेघेवरची बादली

माणसाचं हसू कुठून येतं याबद्दल कवींची मतं काहीही असोत, त्या गल्लीतलं निदान निम्मं हसू एका घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर, गुलाबी मेणातून तयार होत असे.

त्या टेबलाशी बसणाऱ्या गृहस्थांना सगळे कवळीवाले म्हणत. ते डॉक्टर नव्हते. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे त्यांच्याकडे पाठवत आणि ते त्यावरून कवळ्या, वाकडे दात सरळ करायच्या तारा, एखादा सुटा दात असं करून परत धाडत. तोंडाचा मालक त्यांना कधी दिसत नसे. एखाद्या समारंभात कुणी खदखदून हसलं की ते चमकून बघायचे: वरची कवळी ओळखीची वाटते. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. बायको कोपरानं ढोसायची, "अहो, लोकांच्या तोंडात काय बघताय? तुमच्या ताटात बघा."

त्यांना सर्वांत आधीपासून काम देणारे डॉक्टर वारले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. गॅरेज रिकामं करायचं होतं. जुनी अवजारं मिळतील या आशेनं कवळीवाले पिशवी घेऊन गेले. बाईंनी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती ओढली, आणि पिशवी हातातून कधी पडली ते त्यांना कळलं नाही.

आत अमेरिकन गाडी होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, एखाद्या छोट्या खोलीएवढी. टायर जमिनीला चिकटून मेले होते, गाद्यांमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या, नावाची अक्षरं बॉनेटवरून गळून पडली होती. पण समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, क्रोमचे उभे, जाडजूड, फुगीर दात. ती हसत होती. इतकी वर्षं अंधारात, ताडपत्रीखाली, कुणी बघत नसताना. समोरचा एक दात मात्र पडला होता.

कवळीवाल्यांनी एवढं मोठं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही मालकासकट.

"भंगारवाला येऊन गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आल्या आल्या वजन विचारलं. मी म्हटलं, नीघ. यांना यातून फिरताना मी पाहिलंय. माणसाचं कुणी वजन विचारतं का? तुम्ही घेऊन जा."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं बायकोनं म्हटलं नाही. पण क्रेन गाडीला घेऊन मागच्या शेडसमोर उभी राहिली तेव्हा चेहऱ्यावर तेच होतं.

"ही कोण?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. राहणार किती दिवस?"

कवळीवाले क्रेनवाल्याला जागा दाखवायला वळले. सवत घरात आणणाऱ्यानं तारखेचं बंधन घालून घ्यायचं नसतं, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

दोन उन्हाळे गेले. दात कोरायच्या बारीक हत्यारांनी त्यांनी दारांच्या फटींतला गंज कोरून काढला. दात कोरून पोट भरत नाही, हे बायकोनं या काळात नेमानं ऐकवलं. स्टिअरिंगला पडलेल्या भेगा त्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यानं भरल्या, त्यामुळे रंग देईपर्यंत स्टिअरिंगला हिरड्या आल्यासारखं दिसत होतं. पुढची जाळी उतरवून टेबलावर आणली. आता एका बाजूला माणसांचे जबडे आणि मधोमध हा राक्षसी जबडा, असा देखावा झाला. पडलेल्या दाताच्या शेजाऱ्याचा ठसा घेऊन त्यांनी मेणाचा दात केला, तो धातूत ओतून आणला, क्रोम चढवून घेतला. अगदी शेजाऱ्यासारखा केला नाही. किंचित झिजलेला, केसभर कलता ठेवला. फार शहाणी दंतपंक्ती लगेच ओळखू येते, हे त्यांचं तत्त्व होतं.

राहिलं इंजिन. ते जाम होतं.

एका रांगेत आठ सिलिंडर, जवळजवळ माणसाएवढं लांब. पण आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, भिंतींना गंजून चिकटले होते. पुढून पाना लावून फिरवायला गेलं तर डोंगराला पाना लावल्यासारखं वाटे. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन बघून गेला. मनानं चांगला, अंगानं अवाढव्य, आणि जगातल्या सर्व दुखण्यांवर एकच औषध असलेला.

"काका, हे काढून टाकू. ट्रकचं डिझेल इंजिन आहे माझ्याकडे. बसवतो, उद्या धावेल. सगळे तेच करतात. वरून कुणाला कळणार आहे?"

"आयुष्यभर तेच केलं रे," कवळीवाले म्हणाले. "खरा दात उपटल्यावर खोटा बसवायचा, आणि वरून कुणाला कळता कामा नये. एकदा तरी खरा वाचवून बघू दे."

"दात हलत असला तर वाचतो, काका. हा हलतच नाहीये."

"हलणारा वाचत नाही. न हलणारा वाचतो."

गॅरेजवाल्यानं याचा विचार केला आणि तो सोडून दिला. "महिनाभर थांबतो. शेवटच्या रविवारी टेंपोत इंजिन टाकून आणतो. मग मात्र ऐकायचं."

कवळीवाल्यांनी शब्द दिला. दिलेला शब्द आणि दिलेली कवळी परत घ्यायची नाही, अशी त्यांची रीत होती.

मग त्यांनी गाडीला तार लावली. म्हणजे खरी तार नव्हे. पण हाडात घट्ट रुतलेला दात हातोड्यानं सरकत नाही. त्याच्यावर अगदी हलका, पण न थांबणारा दाब ठेवला तर सरकतो, हे त्यांना पोटापाण्यामुळे माहीत होतं. त्यांनी प्लग काढून आठही भोकांतून पातळ तेल आणि रॉकेल ओतलं. भोकांत चिंध्या कोंबायच्या सोडून, हाताच्या सवयीनं, गुलाबी मेणाची बुचं बसवली. पुढच्या नटावर पाना चढवला, पान्यावर लांबलचक पाइप, आणि पाइपाच्या टोकाला नायलॉनच्या दोरीनं एक बादली टांगली. बादलीत रोज सकाळी एक मग पाणी घालायचं. ते काम बायकोनं घेतलं, कारण पाणी भरायच्या वेळेला ती तिथून जातच असे.

बादलीच्या बुडाशी, शेजारच्या भिंतीवर, त्यांनी खडूनं एक आडवी रेघ मारली. इंजिन केसभर जरी फिरलं तरी लांब पाइपाचं टोक खाली येणार, बादली रेघेखाली जाणार. रोज संध्याकाळी काम आटोपलं की ते शेडमध्ये जात, गुडघे टेकून, एक डोळा मिटून बघत. बादली रेघेवर. दुसऱ्या दिवशी, रेघेवर. तिसऱ्या आठवड्यात बादली पाण्यानं जड झाली होती, तरी बुड रेघेशी असं जुळलेलं, की गवंड्यानं कौतुक करावं.

"काय म्हणतेय?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"काही म्हणत नाही."

"माझ्याशीही लोक असंच वागतात, पण मी बादल्या नाही बांधत कुणाला."

शेवटच्या शनिवारी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. बायकोनं बघितलं, टोमणा तोंडापर्यंत आला, आणि तिनं तो गिळला. ओठही हलत नाही इतका माणूस गप्प झाला की त्याला बोलून उपयोग नसतो. "एवढं काय," ती म्हणाली, "दुसरं इंजिन बसलं तरी गाडी तीच ना?"

"कवळी घातली तरी तोंड तेच असतं," ते म्हणाले. "पण चव विचार कुणाला तरी."

रविवारी सकाळी ते सगळं उतरवायला शेडमध्ये गेले. बादली अर्थातच रेघेवर होती. दोरी सोडायला त्यांनी हात वर नेला, आणि बोटांना गाठ लागली. तिच्यावर आणखी एक गाठ. तिच्यावर आणखी एक. पाइपाजवळ जपमाळेसारखा गाठींचा गुच्छ झाला होता.

"अगं, या दोरीला काय झालंय?"

बायको आजचं पाणी घालून रिकामा मग घेऊन दारात उभी होती. "काय व्हायचंय? भंगार दोरी आणलीत. आधी ठीक होती. या आठवड्यात रोज ताणतेय मेली. सकाळी पाणी घातलं की बादली रेघेच्या खाली. मग मी एक गाठ मारते आणि वर घेते."

"वर घेतेस."

"रेघेवर."

कवळीवाल्यांनी एकेक करून गाठी चाचपल्या.

"का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"का म्हणजे? मग रेघ कशाला मारलीत? प्लास्टरच्या वाटीत रेघ, पाण्याच्या मापावर रेघ, पावडरच्या डब्यात रेघ. लग्न झाल्यापासून तुमचं सगळं रेघेवर आणतेच आहे मी. चुकलं काय?"

कवळीवाले रंगाच्या डब्यावर बसले. आणि या महिन्यात पहिल्यांदा त्यांनी बादलीकडे न बघता पाइपाकडे बघितलं. बांधला तेव्हा तो जमिनीला समांतर होता. आता त्यानं स्पष्ट, उघड, कुणालाही दिसावी अशी मान खाली घातली होती. दोन जबड्यांतली केसाएवढी फट पकडणाऱ्या माणसाला वीतभर वाकलेला पाइप दिसला नव्हता, कारण त्याचं सगळं लक्ष रेघेवर होतं.

"दोरी नाही ताणली," ते म्हणाले. "इंजिन हललंय. रोज हललंय. तू रोज सकाळी त्याला हलताना पकडलंयस आणि गाठ मारून ठेवलीयस."

बायकोनं मग खाली ठेवला. गाठींकडे बघितलं, इंजिनकडे बघितलं. "इतकी वर्षं मेलेलं," ती म्हणाली, "आणि माझ्या मगभर पाण्यानं?"

"ये इकडे. धर."

त्यांनी गाठींसकट बादली उतरवली आणि दोघांनी पाइप धरला. जोर लावला नाही; नुसते हात ठेवून भार दिला, झोपलेल्या माणसाला कूस बदलायला मदत करतात तसा. आधी काहीच नाही. मग आत कुठंतरी, खोल, घोगरा, लांबलेला आवाज झाला आणि पाइप हातांखालून सावकाश, लोण्यातून सुरी जावी तसा खाली गेला. फट् करून एक मेणाचं बूच उडालं. मग दुसरं. त्यांनी पाना काढून पुन्हा वर बसवला, पुन्हा भार दिला. तिसरं बूच छपराला लागलं आणि काळ्या तेलाची चिळकांडी बायकोच्या चष्म्यावर आली. ती ओरडली नाही. चष्मा काढून, डोळे बारीक करून ती त्या आठ भोकांकडे बघत राहिली.

"हात ठेव," ते म्हणाले. "तळवा. त्या भोकावर. मी फिरवतो."

तिनं तळवा ठेवला. त्यांनी फिरवलं. इतकी वर्षं कोंडलेली, तेलाची, रॉकेलची, ऊबदार हवा तिच्या तळव्याला लागली, आणि दट्टा परत खाली जाताना त्याच भोकानं तिचा तळवा हलकेच आत ओढून घेतला.

"अगंबाई," ती म्हणाली. मग कुजबुजत, "श्वास घेतेय हो."

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. गॅरेजवाला घाम पुसत आत आला. "काका, काढलं का ते? डिझेल आणलंय, उतरवायला चार माणसं लागतील…" एवढं बोलून त्यानं दोघांचे काळे चेहरे आणि जमिनीवर विखुरलेली गुलाबी बुचं बघितली, आणि थांबला. कवळीवाल्यांनी काही न सांगता त्याचा भला मोठा तळवा धरून दुसऱ्या भोकावर ठेवला आणि पाइप खाली नेला.

गॅरेजवाल्यानं आयुष्यात शेकडो इंजिनं उघडली होती. त्यानं तळवा काढला, बघितला, पॅंटला पुसायचं विसरला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "आता ते बाहेरचं मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

कुणी हसलं नाही. टेंपोवाला बाहेरून ओरडत होता, माल उतरवायचा की नाही. त्याला उत्तर द्यायचं भान तिघांपैकी एकालाही नव्हतं. सूर्य शेडच्या फटीतून आत आला होता. कवळीवाल्यांनी पाइप अजून घट्ट धरून ठेवला होता.

बायकोनं पुन्हा तळवा ठेवला. आता तिनं दुसरा हातही शेजारच्या भोकावर ठेवला.

"अजून एकदा," ती म्हणाली. "हळू. घाई नाही कुणाला."