जांभळा गळा

चष्मा कपाळावर सरकवायचा, मायक्रोस्कोपला पुन्हा एकदा डोळा लावायचा आणि म्हणायचं, "नक्की नाही हं." नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातल्या आमच्या लॅबमधल्या सीनियर, सगळ्यांच्या काकू, यांची ही रीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रिपोर्टला उशीर झाला की वरून फोन यायचे, पण काकू शांतपणे तीच स्लाइड पुन्हा बघत बसायच्या.

पेशींपलीकडे त्यांना एकच वेड होतं, हमिंगबर्डचं. तेही फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका जातीचं. दक्षिण इक्वेडोरच्या उंच डोंगरांत, जंगल संपतं त्या कडेला राहणारा, बोटभर लांबीचा, जांभळ्या गळ्याचा.

त्या रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, गुपचूप तिकडची ट्रिप बुक केली. दोघं परत आल्यावर घरी आम्हा सगळ्यांना बोलावलं. केकवर आयसिंगचा जांभळा पक्षी होता.

"काकू, दिसला ना?" मी विचारलं.

"नक्की नाही हं."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

"अगं, धुकं होतं. लाल फुलांवर आला, जेमतेम दोन सेकंद. गाइड ओरडला, हाच तो! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला गळा काळा दिसला. उजेड नीट पडला तरच तो रंग चमकतो. आणि तिथे त्याचा हिरव्या गळ्याचा भाऊबंदही असतो. मग मी पाहिला तो कोण?"

"गाइडला कळतं की," काका म्हणाले.

"त्याला दिसला असेल. ती विचारतेय मला."

काकांच्या हातातली सुरी तशीच राहिली. शेवटी केक मीच कापला, पक्ष्याला धक्का न लावता, कडेकडेने. याला प्रामाणिकपणा म्हणावं की हट्ट, मला उमगेना.

पुन्हा जायचं त्यांच्या मनात होतं. पण फेब्रुवारीत काकू स्ट्रोकने अचानक गेल्या.

शोकसभेत काका बोलायला उभे राहिले. "हिला जो पक्षी बघायचा होता, तो हिने बघितला," म्हणाले आणि अडखळले. भरल्या हॉलमध्ये त्यांची नजर मला शोधत आली. "हो ना गं? तुला सांगितलं होतं ना तिने?"

"हो, काका."

ते खाली बसले. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला.

मी काकांना सावरलं, की काकूंना खोटं पाडलं, मला अजून कळलेलं नाही.