येलहंक्यापलीकडचं व्याह्यांचं जेवण

अक्काचं लग्न नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात कुणी आवाज चढवला नाही. भटजी नको, हुंडा नको, मानपान नको हे अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, इतकी वर्षं पत्रकांत छापलं होतं की ते वेगळं सांगावंही लागत नसे. चामराजपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. भांडण सुरू झालं ते जेवणावरून.

बंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठा घरांत लग्नाच्या दिवशी गोडाचं जेवण असतं आणि पुढे एक दिवस व्याह्यांना मटणाचं जेवण देतात. कन्नडमध्ये त्याला बीगर ऊटा म्हणतात. आम्हीही तसंच म्हणतो. लग्नातून भटजीला वगळता येतं, पण हे जेवण वगळलं तर आमच्या तिन्ही आत्या जन्मभर बोलून दाखवतील. म्हणून अण्णांनी ठरवलं की नोंदणीनंतरच्या रविवारी एकच स्वागतसमारंभ करायचा आणि त्यातच व्याह्यांचं जेवण उरकायचं.

अडचण एवढीच होती की व्याही मटण खात नव्हते. मुलगा धारवाडकडचा, देशस्थ ब्राह्मण, अक्काच्याच ऑफिसातला. वडील वारलेले, घरी फक्त आई, आणि त्या कडक सोवळ्याच्या. लग्नाला त्यांनी होकार दिला होता. पण बोलणी करायला आमच्याकडे आल्या तेव्हा आईने दिलेला पाण्याचा पेला त्यांनी बोलणं संपेपर्यंत हातात धरला आणि उठताना तसाच भरलेला खाली ठेवला.

त्या गेल्यावर अक्का म्हणाली, "अण्णा, माझ्या समारंभात त्या जेवल्या पाहिजेत. बाकी मला काही नको. साडीसुद्धा नको."

"जेवतील की. कोण अडवतंय?"

"त्यांच्यासाठी वेगळं रांधावं लागेल."

"वेगळी चूल मांडायची नाही," अण्णा म्हणाले. खरं तर मी ते त्यांच्याही आधी म्हणाले. आमची निम्मी पत्रकं वेगळ्या पंगतीविरुद्धच होती. माझं मत आजही बदललेलं नाही. जातीसाठी मांडलेली वेगळी चूल म्हणजे जातच. ती कितीही स्वच्छ सारवली तरी.

"तू मला पत्रक वाचून दाखवू नकोस," अक्का माझ्यावर खेकसली. "सासू माझी आहे. आयुष्यभर तिच्यासमोर मी बसणार आहे, तू नाही."

शहरातल्या लग्नाच्या हॉलांत मटण शिजवू देत नसत. शोधता शोधता कुणीतरी येलहंक्याच्या पुढचं एक इन सुचवलं. नंदीच्या डोंगराकडे जाणारे लोक तिथे मुक्काम करत. अण्णांनी चौकशी केली आणि एका सुट्टीच्या सकाळी आम्ही जागा बघायला निघालो. अक्काच्या सासूबाईही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "जागा बघितल्याशिवाय माझ्या माणसांना मी कुठं बोलावणार?" असं म्हणून त्या मार्केटच्या स्टॉपवर आमच्या आधी हजर होत्या.

बसमधून उतरून द्राक्षांच्या मळ्यांमधून थोडं चालावं लागलं. इन म्हणजे एक कौलारू बैठी इमारत, लांब व्हरांडा, समोर चिंचेची झाडं. मालक हवाई दलातून निवृत्त झालेले. पुण्याला असताना शिकलेलं मराठी आम्हाला ऐकवायला ते फार उत्सुक होते.

"या, या. बसा, बसा. लग्न कोणाचं? तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"हिचं कोण करून घेईल?" अक्का म्हणाली. सासूबाई पहिल्यांदा हसल्या.

अण्णांनी सरळ विचारलं, "मटण शिजवलेलं चालेल ना?"

"मटण करा, चिकन करा, माझी काही हरकत नाही. फक्त आतल्या किचनमध्ये माझ्या बायकोला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. मलाही परवानगी नाही. तुमचं सगळं मागे, शेडमध्ये."

आम्ही मागे गेलो. पत्र्याच्या शेडखाली विटांनी बांधलेला एक लांब चर होता. चरात लाकडं पेटवायची आणि वर ओळीने मोठी पातेली चढवायची. अण्णा खूश झाले. "बघा, चूल एकच आहे," ते म्हणाले. जणू आमचं पत्रक वाचूनच कुणी ती बांधली होती.

सासूबाई चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग मालकांना विचारलं, "सकाळचा वारा कुठून येतो?"

त्यांनी मळ्यांकडे हात केला.

"मग माझी भांडी ह्या टोकाला. मी रांधीन."

अक्काने अण्णांकडे पाहिलं.

"तुम्ही?" अण्णा म्हणाले.

"दुसऱ्या कुणी केलेलं मी बाहेर खात नाही. पोरगीला मी जेवायला हवी आहे, ते मला कळतं. मला काय डोळे नाहीत? तर मी करीन आणि मी जेवीन. पण माझं उतरेपर्यंत तुमचं मटण चढवायचं नाही."

"म्हणजे हे सोवळंच झालं," मी म्हणाले.

"मग तुला काय वाटलं? बसमधून उतरले की सोवळं सुटलं?"

अण्णांनी मला हाताने थांबवलं. त्यांचा आवाज सभेतला झाला. "विहीणबाई, दोन अटी. तुम्ही जे कराल ते आलेल्या प्रत्येकाला वाढायचं. फक्त तुमच्या लोकांना नाही."

"मी काय वाटीभर रांधणार आहे? सगळ्यांना पुरेल."

"आणि हाताखाली आमच्या घरच्या बायका असतील."

सासूबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या. मालक उगाच चरातली एक वीट बुटाने सरळ करू लागले.

"भाजी चिरता येते का त्यांना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझ्या तीन आत्या येतील," अक्का घाईने म्हणाली. "त्यांना सगळं येतं. बोलणं जरा जास्तच येतं."

"सरी, ठीक आहे. बोलणं मलाही येतं."

परतीच्या बसमध्ये मी अण्णांना म्हटलं की तुम्ही माघार घेतलीत. चूल एक असून काय उपयोग, तिच्यावर आधी कोण आणि नंतर कोण हे त्यांनी ठरवलंच ना. अण्णा म्हणाले, आपल्या बायकांच्या हातचं चिरलेलं त्या खाणार, हे तू विसरतेस. येलहंक्यापासून घरापर्यंत आम्ही भांडत आलो. पुढच्या सीटवर अक्का सासूला विचारत होती, इतक्या माणसांना गहू किती भिजवायचा, आणि गूळ बेळगावचा आणायचा की इथलाच चालेल.

समारंभाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंनी चर पेटवलेलाही होता. त्या आदल्या दिवशीच येऊन इनमध्ये राहिल्या होत्या. भात, सार, भरली वांगी आणि हुग्गी, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर. आत्या वांगी चिरायला बसल्या आणि थोरल्या आत्याने सुरुवात केली, "विहीणबाई, रोज एवढं गोड खाता आणि बोलता इतकं तिखट कसं?"

"तुम्ही मटण खाऊनसुद्धा अजून मऊच बोलता, ते कसं?"

आत्या अशा हसल्या की मालकीणबाई किचनमधून बाहेर आल्या. दुपारपर्यंत तिन्ही आत्या आणि सासूबाई एकमेकींना अक्का, अक्का म्हणू लागल्या होत्या. सासूबाईंची पातेली उतरली, मग मटण चढलं. पंगतीत आमच्या लोकांनी मटण खाल्लं आणि वर वाटी वाटी हुग्गीही. धारवाडच्या पाहुण्यांनी मान खाली घालून आपलं आपलं जेवून घेतलं. सासूबाई मात्र एकाही पंगतीला बसल्या नाहीत. "वासानेच पोट भरलं," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. अक्का व्हरांड्यात लोकांचे नमस्कार घेत होती, पण तिची नजर शेडकडे होती.

शेवटची पंगत रांधणाऱ्या बायकांची. अक्का उठून आली, थोरल्या आत्याशेजारी तिने एक पान मांडलं आणि म्हणाली, "बसा."

सासूबाई बसल्या. बसताना त्यांनी आपलं पान आत्याच्या पानापासून वीतभर बाजूला ओढलं. आत्याच्या पानावर मटण होतं. मी ते पाहिलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काने हुग्गीचं भांडं माझ्या हातात दिलं. "वाढ."

मी वाढलं. त्यांनी पानाला नमस्कार केला आणि खाऊ लागल्या. मग अक्का त्यांच्या बरोबर समोर जाऊन बसली, लग्नाच्या साडीत, खाली सतरंजीवर. मी तिच्या पानावर हुग्गी वाढायला वाकले.

"आधी मटण," ती म्हणाली. हळू नाही, नेहमीच्या आवाजात.

सासूबाईंनी हात थांबवला. सुनेच्या पानावर मटण वाढलं जाईपर्यंत त्या बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला स्वल्प तूप वाढ. हुग्गी कोरडी खातात का तुमच्यात?"